भावोजींच्या जागेवर

कपबशीत एकट्या माणसाला बसता येत नसे.

चहाच्या कपबशीत नव्हे. मनोरंजनाच्या बागेत, मोठ्या पाळण्याच्या मागच्या अंगाला, लोखंडी कपांचा एक गरगर फिरणारा खेळ होता. त्याच्या पाटीवर काहीतरी भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण ते कुणी घेत नसे, सगळे कपबशीच म्हणत. प्रत्येक कपात दोघांपुरतं बाक आणि मांडीवर येणारा दांडा. खालची चकती एकीकडे फिरायची, कप दुसरीकडे, आणि आत बसलेल्यांची आतडी तिसरीकडे. एकच माणूस बसला की कप एका अंगाला कलायचा, आणि माणूस बाकावर गोटीसारखा घरंगळायचा. म्हणून नियम असा होता की कुणी एकटं आलं तर त्याच्या शेजारी वाळूचं पोतं बसवायचं. नुसतं टेकवायचं नाही, तर पट्ट्याने बांधून, दांडा लावून, बाहेरच्या बाजूला रीतसर बसवायचं.

बाहेरच्या बाजूला अशासाठी, की फिरताना सगळा रेटा बाहेर जातो आणि आत बसलेला बाहेरच्याच्या अंगावर येतो. जड माणूस बाहेर, हलका आत, एवढं पाळलं की कुणाला काही होत नाही. जोडपी आली की कपबशी चालवणारी बाई दार उघडता उघडता विचारायची, "तुमच्यात जड कोण?" मग बायको नवऱ्याकडे बोट दाखवायची आणि नवरा आभाळाकडे बघायचा. एकदा एका सुनेने सासूसमोर "मी कशी सांगू, तुम्हीच बघून ठरवा" असं म्हटलं होतं, आणि मग अख्खी फेरी त्या कपातून साधी किंकाळीसुद्धा ऐकू आली नव्हती.

त्या बाईला सगळी बाग ताई म्हणे. पोतं उघडं असलं की लोकांच्या हाताला खरखरायचं, म्हणून तिने जुन्या चौकड्याच्या चादरीचा अभ्रा शिवून त्याला घातला होता, आणि मळला की ती तो घरी नेऊन धुवायची. ते पाहून बागेतला वायरमन म्हणाला होता, की ताई ज्याचे कपडे धुतात ते आपले भावोजीच. तेव्हापासून पोत्याचं नाव भावोजी पडलं. "भावोजींना बसवा", "भावोजी आज ओले आहेत", "भावोजींना जरा उन्हात ठेवा" असं सर्रास चालायचं. ताईचा खरा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. तोही साधारण इतकंच बोलायचा, असं ती सांगायची आणि मंडळी हसायची. ती पण हसायची. घरी गेल्यावर हसण्याचा प्रश्न नव्हता, कारण एकट्याने हसायला माणसाला काहीतरी निमित्त लागतं, आणि तिच्या खोलीत निमित्तं फार नव्हती. एक खिडकी होती, ती समोरच्या भिंतीवर उघडायची.

भावोजींच्या शेजारी बसणारा नेहमीचा माणूस एकच होता. बागेतले लोक त्याला 'चौघे' म्हणत.

हा म्हातारा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचा. दूरच्या गावी राहणाऱ्या मुलीने त्याला बागेचा वर्षभराचा कुटुंबपास घेऊन दिला होता, चार माणसांचा. सुट्टीत नवऱ्याला आणि मुलाला घेऊन यायचं, सगळ्यांनी मिळून मजा करायची, असा तिचा मनापासूनचा बेत होता. तो बेत पुढे पुढे जात राहिला. दर बुधवारी, गर्दी नसताना, म्हातारा एकटाच यायचा. फाटकावर पास लावला की यंत्रावर चार माणसांचं चित्र उमटायचं, आणि फाटकवाला सवयीने विचारायचा, "बाकीचे?" म्हातारा म्हणायचा, "येतायत मागून." मग फाटकवाला आत निरोप द्यायचा, "चौघे आले."

चौघे आले की ताई भावोजींचा अभ्रा झटकायची.

बाकीचे कुठलेच खेळ त्याला नको असत. कपबशीच का, असं तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, की आयुष्यभर चक्रात चक्र फिरताना भिंगातून, वरून पाहिलं. आतून कसं असतं ते बघावं. बसण्याआधी तो चष्मा काढायचा, घरात ठेवायचा, घर खिशात टाकायचा, मग खिसा चाचपायचा. फेरी संपली की पोत्यावर हात ठेवून "येतो भावोजी" म्हणायचा, आणि जाता जाता ताईला विचारायचा, की आज भावोजी फारच गप्प होते, घरात काही बोलणं झालं का? ती म्हणायची, की काका, त्यांचा तो स्वभावच आहे, मनावर घेऊ नका. तो काका, ती ताई आणि पोतं भावोजी. नात्यांचा मेळ त्या बागेत कुणी घालत नसे.

बोलणं एवढंच. पण मंगळवारी संध्याकाळी भांडी घासताना ताई उद्या काय उत्तर द्यायचं ते मनात जुळवून ठेवायची, आणि बुधवारी ते ऐन वेळी आठवल्यासारखं म्हणायची.

एका बुधवारी भावोजींची शिवण उसवली. वाळू सांडत सांडत गेली, म्हणून पोतं शिवायला कोठीत पाठवावं लागलं, आणि जादाचं पोतं दुसऱ्या खेळाला गेलेलं होतं. चौघे आले तेव्हा कपबशी रिकामी होती. ताईने त्याला सांगितलं, की आज जमणार नाही, भावोजी आजारी आहेत.

"असं का," तो म्हणाला. "बरं."

त्याने चष्मा आधीच काढून ठेवला होता. आता त्याने खिसा चाचपला, घर काढलं, चष्मा काढला, काच रुमालाने पुसली आणि तो परत डोळ्यांवर चढवायला लागला. अगदी सावकाश, कुणाबद्दल तक्रार नसल्यासारखा. ताईला ते बघवलं नाही. तो रागावला असता, नियमाला दोन शिव्या हासडल्या असत्या, तर ती तिच्या जागेवरून हलली नसती.

तिने वायरमनला हाक मारली आणि दोन मिनिटं बटण सांभाळ म्हटलं. बटण दाबायची त्याला मुभा होती, त्याबद्दल नंतर कुणी काही काढलं नाही. तो म्हणाला, की ताई, भावोजींना कळलं तर? तिने त्याला गप्प बस म्हटलं आणि ती पायऱ्या उतरून कपापाशी गेली.

म्हातारा कपाचं छोटं दार हाताने धरून उभा होता. ती आलेली पाहून तो जरासा वाकला.

"या," तो म्हणाला. "तुम्ही आत सरका."

खरं तर ती दिवसभर इतरांना विचारते तोच प्रश्न इथे तिने विचारायचा. विचारायचीही गरज नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. तो मिटलेल्या छत्रीसारखा होता आणि ती, तिच्याच शब्दांत, दोन्ही वेळ नीट जेवणारी बाई होती. पण आत भिंतीशी सुरक्षित जागा असते ती बाईला द्यावी, एवढंच त्याच्या जुन्या रीतभातीला ठाऊक होतं. आणि तिच्यासाठी कुणी दार धरून उभं राहिल्याला किती काळ लोटला होता ते तिला आठवेना. अशा वेळी "नको काका, मी जड आहे" असं म्हणायला जी जीभ लागते ती तिला कुठून आणावी कळेना. ती आत सरकली. तो बाहेरच्या बाजूला बसला, भावोजींच्या जागेवर, आणि त्याने दांडा ओढून घेतला.

इतकी वर्षं तिने कपबशी चालवली होती, पण ती त्यात बसली कधीच नव्हती. चकती फिरायला लागली तशी तिला तिची स्वतःची, बटणाजवळची टपरी दिसली. खुंटीला अडकवलेली छत्री, फळीवरचा डबा, वायरमनची पाठ. मग झाडं, कुंपण, आणि पुन्हा टपरी. आपण नसलो की ती जागा अशी दिसते, काही अडलेलं नसतं, असं तिला वाटून गेलं, आणि नवल म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. शेजारी म्हातारा काहीतरी सांगत होता. चाकं एकमेकांना धरून फिरतात त्याबद्दल. ती "हं" म्हणत होती. शेजारच्या माणसाला नुसतं "हं" म्हणण्यात किती आराम असतो ते ती विसरून गेली होती.

मग वेग वाढला आणि ती सरकायला लागली.

तिने दांडा धरला, टाचा रोवल्या, पण बाक गुळगुळीत होतं आणि रेट्याला कुणाची लाज नसते. तिचा सगळा भार त्याच्या अंगावर गेला आणि तो कपाच्या काठावर दाबला गेला. कपड्याचा चिमटा मोडावा तसा बारीक आवाज झाला. तिने ओरडून खेळ थांबवायला लावला. तो थांबेपर्यंत म्हातारा तिलाच समजावत होता, "काही नाही, काही नाही."

उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

त्याला रुग्णालयात नेल्यावर वायरमनने ताईला बाजूला घेतलं. पोतं होतं असं सांगायचं, तो म्हणाला, मी तेच सांगणार आहे, तुम्हीही दुसरं काही बोलू नका. पोत्याला कोण नोकरीवरून काढणार? त्याचा जीव तिच्यासाठीच तुटत होता. तिने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

कपात म्हाताऱ्याच्या चष्म्याचं घर सापडलं. ते द्यायच्या निमित्ताने ती दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेली. हात छातीशी बांधून तो उशीला टेकून बसला होता. शेजारच्या खाटेला माणसांचा गराडा होता. याच्या खाटेजवळची खुर्ची तशीच होती, आणि पलीकडच्यांपैकी कुणीतरी तिच्यावर कोट टाकून ठेवला होता. ताईने कोट उचलला आणि ती बसली.

मुलीचा फोन येऊन गेला होता. ती रडली होती, आणि मग तिने विचार करून ठेवलेलं सांगितलं होतं. हात बरा व्हायला वेळ लागेल, रोज व्यायाम लागेल, घरात मदतीला माणूस लागेल. बागेने जबाबदारी घेतली तर हे सगळं बाग करेल. नाही घेतली तर घर बंद करून वृद्धाश्रमात जावं लागेल, कारण तिच्या स्वतःच्या घरात जिना आहे. तिचंही चूक नव्हतं. म्हाताऱ्याने हे दुसऱ्या कुणाचं तरी गाऱ्हाणं असावं तसं सांगितलं.

मग आवाज खाली आणून म्हणाला, "विम्याचे साहेब सकाळी येऊन गेले. मी सांगितलं त्यांना, शेजारी पोतं होतं. माझ्याच हौसेनं मी ते आत सरकवलं आणि बाहेर बसलो."

"काका, मग चूक तुमची ठरते."

"ठरू दे की. या हातासाठी आता कुठली घड्याळं थांबलीत? तुमची नोकरी जाईल, ताई."

"आणि तुमचं घर?"

"तिथं तरी कोण वाट बघतंय," तो म्हणाला, आणि लगेच, तिला फार वाईट वाटू नये म्हणून, "भावोजींना मात्र जरा कानकोंडं होईल. न केलेल्या गुन्ह्यात साक्षीला यायचं म्हणजे..."

ताई तिथून निघाली तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. नोकरी वाचली होती, वायरमन खोटं बोलणार होता, ज्याचं हाड मोडलं तोच खोटं बोलला होता, सगळं जुळून आलं होतं. पण रस्ताभर तिला कुणीतरी खोडून काढल्यासारखं वाटत राहिलं. घरी येऊन तिने दिवा लावला, जेवण गरम केलं, आणि ताट मांडीवर घेऊन ती खिडकीसमोरच्या भिंतीकडे बघत बसली. इतक्या वर्षांत ती एकदाच कुणाच्या शेजारी बसली होती, आणि सगळ्यांच्या सांगण्याप्रमाणे ते झालंच नव्हतं. तिथे पोतं होतं. म्हातारा त्या दिवशीही नेहमीसारखा एकटाच फिरला होता. आणि एवढ्यासाठी त्याचं घर जाणार होतं.

बागेच्या व्यवस्थापकांनी तिला चौकशी होण्याआधी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला झोप लागली नव्हती. ते म्हणाले, की पाहुण्याने स्वतःच कबूल केलंय, तुम्ही फक्त हो म्हणायचं. बाकी काही विचारलं तर आठवत नाही म्हणा. आठवत नाही म्हणायला कुणाला काही लागत नाही.

विम्याच्या साहेबांना सर्दी झाली होती. रुमाल हातात धरूनच त्यांनी विचारलं, की पोतं तुम्ही कुठल्या बाजूला बांधलं होतं?

ताईने व्यवस्थापकांकडे पाहिलं नाही. टेबलावर एक काचेचा गोळा होता, त्याच्याकडे पाहिलं.

"पोतं नव्हतं," ती म्हणाली. "मी होते."

साहेबांनी रुमाल खाली ठेवला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. पोतं कुठे होतं, बटण कुणाकडे होतं, ती कुठल्या बाजूला बसली. ती आतल्या बाजूला म्हणाली तेव्हा त्यांनी विचारलं, की बाई, जड माणसानं बाहेर बसायचं हा नियम तुम्हाला ठाऊक नव्हता का? तिने सांगितलं, की ठाऊक होता, दिवसभर तोच तर सगळ्यांना सांगते.

"मग?"

याचं उत्तर तिने कुठल्याच मंगळवारी जुळवून ठेवलेलं नव्हतं.

"त्यांनी दार धरलं होतं," ती म्हणाली.

हे कसं लिहून घ्यावं ते साहेबांना कळेना. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, नाक पुसलं आणि जरा संकोचत तिचं वजन विचारलं. तिने ते खणखणीत आवाजात सांगितलं, काहीही न चोरता. व्यवस्थापक, कपबशीपाशी येणाऱ्या नवऱ्यांसारखे, आढ्याकडे बघायला लागले.

तिची नोकरी गेली. वायरमन तिच्याशी बोलेनासा झाला. आपण तिच्यासाठी खोटं बोलायला उभे राहिलो आणि तिने आपल्यालाच उघडं पाडलं, हे त्याच्या मनातून जाईना, आणि त्यात त्याचंही काही चुकलं नव्हतं. बागेने म्हाताऱ्याच्या औषधपाण्याची आणि घरी येणाऱ्या मदतनीसाची सोय तूर्तास केली, बाकीचा वाद वकिलांकडे गेला. मुलीने वकील दिला, आणि वकिलाने पहिली ताकीद ही दिली, की त्या बाईंशी एक शब्द बोलायचा नाही. आधी तुम्ही पोतं म्हणालात, मग त्या स्वतः म्हणाल्या. आता दोघं कुठे बोलताना दिसलात तर समोरचे म्हणतील, हे संगनमत आहे. वाद मिटेपर्यंत भेट नाही, फोन नाही. ताईला हे एका कोरड्या आवाजाने फोनवर कळवलं.

म्हणजे तिने खरं सांगितलं आणि बुधवार गेला. याचं तिला हसू आलं, एकटीच होती तरी.

तिला एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम मिळालं. चादरी वाफेतून यायच्या, ती आणि दुसरी एक बाई समोरासमोर कोपरे धरून घड्या घालायच्या. यंत्रांच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. कोपरे जुळवताना दोघी पुढे यायच्या, बोटांना बोटं लागायची, आणि पुन्हा मागे जायच्या. ताईला ते काम आवडायला लागलं.

हॉटेलजवळच्या बसथांब्यामागे हाडांच्या व्यायामाचं केंद्र होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. एका दुपारी ती थांब्याच्या बाकावर बसली होती आणि म्हातारा बाहेर आला. मदतनीस औषधाच्या दुकानात शिरला होता. म्हाताऱ्याने तिला पाहिलं, मागे वळून केंद्राच्या दाराकडे पाहिलं, आणि मग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. दोघं समोर रस्त्याकडे बघत राहिले. उठून जावं असं तिला वाटलं, पण ती उठली नाही.

त्याने डाव्या हाताने कापडी पिशवी मांडीवरून उचलली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. ती कलंडली, तशी ती सरळ केली आणि तिचे बंद नीट लावले.

"भावोजी," तो पिशवीला म्हणाला, "वकिलांनी ताईंशी बोलायची बंदी केली आहे. तुमच्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत."

ताईने समोरच्या दुकानाची पाटी वाचली. परत एकदा वाचली.

"भावोजी," ती म्हणाली, "हात कसा आहे विचारा."

"चिमटा धरवतो म्हणावं. बारीक पेच अजून बोटांतून निसटतो."

एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत दोघं थांबले.

"ताईंना सांगा," तो म्हणाला, "मला राग आला होता. आयुष्यात एकदाच इतकं छान खोटं बोललो, आणि त्यांनी ते टिकू दिलं नाही."

"पोतं म्हणवून घेणं नाही जमलं म्हणावं."

त्याचा हात पिशवीवर होता, तो तिथेच राहिला. मदतनीस दुकानातून बाहेर येताना दिसला तेव्हा म्हाताऱ्याने चष्मा नीट केला आणि पिशवी उचलून खांद्याला लावली.

"चला भावोजी," तो म्हणाला. मग जायला वळून, पिशवीलाच, "दर बुधवारी याच वेळेला व्यायाम असतो, एवढं त्यांना सांगून ठेवलंत तरी चालेल."

ताईची बस आली. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी होती. ती दोघांच्या बाकावर बसली, वाटेच्या बाजूला, जड माणसाने बसायचं तिथे, सवयीने. खिडकीकडची जागा ती उतरेपर्यंत रिकामीच राहिली.